वाचक विचारतात : थंडी सरताना फुलणारी झाडे

पावसाळा उतरणीला लागला की थंडीतल्या आणि थंडीनंतरच्या फुलांची पत्रे सुरू होतात. लावायची, थंड करायची, पाणी तोडायची तयारी आतापासून ठरवावी लागत असल्याने ही उत्तरे सप्टेंबरच्याच अंकात देत आहोत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी नोव्हेंबरात ऑनलाइन मागवलेले ट्यूलिपचे कंद कुंडीत लावले. पाने चांगली आली, पण कळी पानांच्या बुडाशीच वाळून गेली. यंदा मुलाने पुन्हा दहा कंद मागवले आहेत. आमच्या इकडच्या हवेत ट्यूलिप फुलतच नाही काय?
— एक वाचिका, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : फुलतो ताई, पण आपल्या हवेच्या भरवशावर नाही. ट्यूलिपच्या कंदात फूल आधीच तयार असते. एखादा खराब निघालेला कंद उभा चिरून पाहा, मधोमध बारीकशी कळी पाकळ्यांसकट बसलेली दिसेल. तिचा दांडा लांबायला मात्र कंदाला सलग १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंश सेल्सिअसची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीसला टेकतो. कुंडीतल्या मातीला तेवढा सलग गारवा कधीच मिळत नाही. थंडी कमी पडली की दांडा आखूड राहतो, कळी पानांतच अडकते आणि वाळते. तुमच्याकडे बहुधा हेच झाले.

तेव्हा ही थंडी फ्रिजमध्येच द्यावी लागेल. कंद हातात आले की मऊ पडलेले, बुरशीने आतपर्यंत सडलेले वेगळे काढा. वरच्या सालीवर नुसती हिरवट-निळी बुरशी असेल तर कोरड्या कापडाने पुसली तरी चालते. बाकीचे कागदी पिशवीत किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून भाजीच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत घाम सुटतो. वरच्या बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, तिथे कंद गोठून मरतो.

आता सगळ्यात जास्त घात कशाने होतो ते सांगतो. त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो, आंबा, काही ठेवायचे नाही. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने कंदातली कळी आतल्या आत मरते. बाहेरून कंद टणक, धडधाकट दिसतो, लावल्यावर पानेही येतात, फूल येत नाही. घरात एकच फ्रिज असेल तर तीन महिने फळे बाहेर ठेवायची तयारी आहे का, हे आधी घरच्यांना विचारून घ्या.

वीज जाते त्याचे काय? तीन-चार तास गेली आणि दार उघडले नाही तर बिघडत नाही. रोज दहा-बारा तास जात असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. कप्प्यात एक साधा थर्मामीटर ठेवला तर अंदाजाने चालावे लागत नाही.

सप्टेंबरच्या मध्याला ठेवलेले कंद डिसेंबरच्या मध्याला काढून त्याच दिवशी लावा. कुंडी मातीचीच घ्या, प्लास्टिकची दुपारी तापते. खोली किमान २५ सेंटिमीटर आणि तळाला भोक हवे. दोन भाग गाळाची माती, एक भाग धुतलेली रेती, एक भाग जुने कुजलेले शेणखत. नुसती काळी माती घातली तर पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. २० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत पाच कंद बसतात. टोक वर, चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे. पहिले मोठे पान त्या चपट्या बाजूने निघते, म्हणजे पाने बाहेर वळतात आणि फुले मधे राहतात. कंदावर आठ-दहा सेंटिमीटर माती घाला.

पहिले दोन आठवडे कुंडी घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवून भोवती ओला बारदाना गुंडाळा. कोंब वर आला की सकाळचे ऊन, दहा-अकरानंतर सावली. मातीचा वरचा थर सुकला की पाणी, पण ताटलीत साचू द्यायचे नाही. लावल्यापासून साधारण पाच ते आठ आठवड्यांत फूल येते. फेब्रुवारीच्या उन्हात ते चार-पाच दिवसांत गळून पडू शकते, तेव्हा कळीला रंग चढला की कुंडी ओसरीत घ्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हाती पडलेले, आधी थंड न केलेले कंद आपल्याकडे घेण्यात अर्थ नाही. त्यांची थंडी पुरी होईपर्यंत जानेवारी संपतो आणि फूल मार्चच्या तापात सापडते. दुकानदाराकडे ‘प्री-चिल्ड’ म्हणजे आधीच थंड केलेले कंद असतील तर ते डिसेंबरात मागवून लगेच लावा. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत फुलणारे ट्यूलिप असेच थंड करून आणलेले असतात. आणि एकदा फुललेला कंद पुढच्या वर्षासाठी जपू नका. फुलानंतर पाने सहा आठवडे हिरवी राहिली तरच कंद पुन्हा भरतो. आपल्याकडे ती मार्चमध्येच करपतात.

प्रश्न : आमच्याकडे थंडी चांगली पडते, स्ट्रॉबेरीही होते. मग ट्यूलिप, डॅफोडिल जमिनीतच लावले तर?
— एक वाचक, चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : नाही जमणार. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, रात्री गार असतात हे खरे. पण तीन महिने माती सतत नऊ अंशांखाली राहत नाही. श्रीनगरचे ट्यूलिप उद्यान मार्चअखेर-एप्रिलमध्ये फुलते, कारण हिवाळाभर तिथली जमीन गारठलेली असते. तुम्हीही फ्रिजच वापरा. तुमचा फायदा एवढाच की सेलूच्या मानाने तुमचे फूल जास्त दिवस टिकेल.

प्रश्न : मुलगी कॅनडात टोरोंटोजवळ राहते. सप्टेंबरच्या शेवटी मी सहा महिन्यांसाठी जाते आहे. घरामागे मोकळी जागा आहे, पण एप्रिलपर्यंत काहीच हिरवे दिसत नाही म्हणते. मी तिथे असताना काय लावता येईल? इथून निशिगंधाचे कंद आणि तुळशीचे रोप नेऊ का?
— एक वाचिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काकू, आधी शेवटच्या प्रश्नाचे. काही नेऊ नका. मातीसकट रोप कॅनडात नेता येत नाही आणि कंद-रोपांना परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते. येतानाही तेच, भारतात लागवडीचे कंद आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो. बॅगेत टाकून आणलेले कंद विमानतळावरच राहतात.

जायची वेळ तुम्ही बरोबर निवडली आहे. बर्फ वितळताच फुलणारे कंद तिकडे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत लावतात. जमीन गोठायच्या आधी मुळे सुटायला चार ते सहा आठवडे मिळाले पाहिजेत. मुळे नसलेला कंद गोठण-वितळण्याच्या फेऱ्यात वर उचलला जातो आणि वाळतो. आपल्याकडे जे फ्रिजकडून करून घ्यावे लागते ते तिकडे जमीन फुकटात करते.

मार्चअखेर तुम्ही परत येणार असाल तर डोळ्यांनी पाहायला मिळतील अशी फुले मोजकीच. पहिले स्नोड्रॉप : वीतभर उंचीचे, खाली मान घातलेले पांढरे फूल, बर्फातूनच वर येते. त्याच सुमारास पिवळे विंटर अ‍ॅकोनाइट, आणि नशीब असेल तर क्रोकसची पहिली फुले. डॅफोडिल एप्रिलमध्ये आणि ट्यूलिप बहुतेक मे महिन्यात येतील. ते मुलीने फोनवर दाखवायचे.

स्नोड्रॉपचे कंद लहान असतात आणि हवेवर लवकर सुकतात. म्हणून दुकानातून आणले की त्याच आठवड्यात लावा. पानगळीच्या झाडाखालची जागा उत्तम : मार्चमध्ये झाडाला पाने नसतात म्हणून ऊन मिळते, उन्हाळ्यात सावली होते. सात-आठ सेंटिमीटर खोल, एका ठिकाणी पंचवीस तरी, दाटीने. पाच इकडे, पाच तिकडे लावले तर बर्फाच्या कडेला दिसतसुद्धा नाहीत. अ‍ॅकोनाइटचा सुकलेला गड्डा रात्रभर पाण्यात भिजवून लावायचा. ते विषारी आहे, नातवंडे लहान असतील तर टाळा.

क्रोकस उन्हात, आठ-दहा सेंटिमीटर खोल. डॅफोडिल पंधरा, ट्यूलिप पंधरा ते वीस. ढोबळ हिशोब म्हणजे कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोली. हिवाळ्यात पाणी साचणारा कोपरा कशालाच देऊ नका. चिकण माती असेल तर कंदाखाली नुसती रेती घालून भागत नाही, वाफाच दहा-पंधरा सेंटिमीटर उंच करावा लागतो. लावून झाले की एकदा भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीत मुळे सुटत नाहीत.

आता खारी. आपल्या खारीच्या मानाने तिकडची खार बरीच मोठी असते आणि नुकती उकरलेली माती तिला लगेच कळते. क्रोकस आणि ट्यूलिपचे कंद ती आवडीने खाते. डॅफोडिल आणि स्नोड्रॉप विषारी असल्याने तोंड लावत नाही. उपाय साधा आहे : लागवडीवर अडीच सेंटिमीटर भोकांची कोंबड्यांची जाळी अंथरून तिच्यावर थोडी माती ओढायची, कोंब भोकांतून वर येतात. कंदांची गळालेली साल जमिनीवर सोडू नका, तिच्या वासाने खार येते. हाडांचा चुराही नको, त्याने रानटी प्राणी आणि शेजाऱ्यांची कुत्री उकरायला लागतात.

पाचोळ्याचे आच्छादन जमीन गोठल्यावर घाला, आधी नाही. काम ऊब देण्याचे नसून गोठलेली जमीन गोठलेलीच ठेवण्याचे असते. जाडी पाच-सात सेंटिमीटर. जानेवारीत चार दिवस हवा नरम पडून कोंब डोकावले तर घाबरून झाकाझाक करू नका, त्या पानांना गारठा सोसतो. मुलीला मात्र एक सांगून या : फुले संपल्यावर पाने पिवळी पडेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, कापायची नाहीत आणि त्यांच्या गाठीही मारायच्या नाहीत. तेवढ्यात कंद पुढच्या वर्षाचे अन्न साठवतो. हिरवळीत क्रोकस लावले असतील तर तोवर गवत कापायचे यंत्र तिकडे न्यायचे नाही. बहुतेक बागा इथेच फसतात. दुसऱ्या वर्षी नुसती पाने येतात आणि दोष कंद विकणाऱ्याला दिला जातो.

निळा सायबेरियन स्किला दुकानात स्वस्त मिळेल आणि दिसतोही सुंदर. आम्ही तो सुचवत नाही. बियांनी शेजारच्या रानात शिरतो आणि मग निघता निघत नाही. त्याऐवजी तिकडचेच ब्लडरूट किंवा हेपॅटिका रोपवाटिकेतून घ्या. ऑन्टारिओ प्रांताचे मानचिन्ह असलेले पांढरे ट्रिलियमही रोपवाटिकेतलेच घ्यायचे, रानातून उपटायचे नाही. बियांपासून फुलायला त्याला सात-आठ वर्षे लागतात.

कुंपणाशी पिवळ्या फुलांचे फॉर्सिथियाचे झुडूप असेल तर त्याला शरद ऋतूत कात्री लावू नका. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर धरलेल्या असतात. छाटणी फुले झडल्यावर लगेच करायची. फार कडक हिवाळ्यानंतर फक्त खालच्या फांद्याच फुलल्या तर तो रोग नसतो. बर्फात बुडालेल्या कळ्या वाचतात, वरच्या मरतात. तुम्हाला घरातच फुले पाहायची असतील तर फेब्रुवारीत याच्या हातभर फांद्या तिरप्या कापून पाण्यात ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, एक ते तीन आठवड्यांत फुलतील.

प्रश्न : क्रोकस म्हणजेच केशर ना? मग तेच लावावे म्हणतो.
— एक वाचक, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : कूळ एक, झाड वेगळे. वसंतातले क्रोकस निव्वळ शोभेचे. केशराचे क्रोकस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलते, काश्मीरात पांपोरला तेव्हाच हंगाम असतो. एका फुलात तीनच तंतू आणि ग्रॅमभर सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुले. बंद खोलीत तापमान राखून ते घेता येते, पण वातानुकूलनाचा खर्च आधी मांडा, कंदांचा नंतर.

प्रश्न : अंगणात अ‍ॅमरिलिसचे आठ-दहा वर्षांचे बेट आहे. पूर्वी मार्चमध्ये लाल फुलांनी भरायचे. आता पानेच पाने. शेणखत, युरिया सगळे देतो. पावसाळ्यात काळ्या अळ्याही पडतात.
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, युरिया आधी बंद करा. नत्र जास्त झाले की झाड पानांवरच जोर काढते. दुसरे कारण दाटी. बेट इतकी वर्षे न फोडल्याने कंद एकमेकांना दाबत असतील. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा बारीक कंद सहसा फुलत नाही.

या कंदाचे गणित मजेशीर आहे. साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा आत धरतो आणि तो बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागते. म्हणजे यंदा पाने अळीने खाल्ली किंवा सावलीत पिवळी पडली, तर फटका पुढच्या मार्चमध्ये बसतो. तुमच्या अळ्यांचा आणि फुले न येण्याचा संबंध इथे आहे. काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेल्या या अळ्या झुंडीने पान पोखरतात आणि उपाशी राहिल्या तर मानेतून कंदात उतरतात. पानाखाली अंड्यांचा पुंजका दिसला की ते पान तोडून जाळा. अळ्या संध्याकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दर दोन दिवसांनी पंधरवडाभर हे केले तर आठ-दहा बुंध्यांच्या बेटाला फवारणीची गरज पडत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा. पाने आपोआप पिवळी पडू द्या. डिसेंबरात बेट खणून कंद सोडवा, मेलेली मुळे काढा, मऊ भाग कापून राख लावा आणि दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. मोठे कंद वेगळे, बाळकंद वेगळे. बाळकंदांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतील. तुमच्याकडे पाऊस दमदार, त्यात जमीन भारी असेल तर वीतभर उंच वाफा करा. कंद असा लावा की वरचा तिसरा हिस्सा आणि मान मातीबाहेर राहील. पूर्ण गाडलेला कंद पाने देतो, फूल द्यायला कुरकुरतो. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा चांगले पाणी द्या आणि मग थांबा. कोंबाचे टोक दिसेपर्यंत रोज पाणी घातले तर मुळे नसलेला कंद कुजतो. चार ते सहा आठवड्यांत दांडा निघतो. खणलेल्या वर्षी फुले कमी येतील, ते गृहीत धरा. फुले सुकली की दांडा कापा, पाने ठेवा. जूनमध्ये प्रत्येक कंदाला दोन मुठी कुजलेले शेणखत आणि मूठभर लाकडाची राख पुरे.

पानांवर किंवा दांड्यावर लालसर चट्टे येऊन दांडा त्या जागी वाकला तर ती बुरशी आहे. तो भाग कापून टाका, पाणी बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका.

प्रश्न : संत्र्याचा आंबिया बहार दरवर्षी अर्धाच फुटतो. जमीन काळी भारी. डिसेंबरात पाणी तोडतो तरी झाड हिरवेगार राहते.
— एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : हिरवेगार राहते याचाच अर्थ ताण बसला नाही. थंडी आणि पाण्याचा ताण या दोन्हींनी वाढ थांबते, फांदीत अन्न साठते आणि जानेवारी-फेब्रुवारीत पालवीऐवजी फूल निघते. हलक्या-मध्यम जमिनीला महिना-दीड महिना पुरतो. तुमच्यासारख्या जमिनीत खाली ओल टिकून असते, तिथे दोन महिन्यांपर्यंत जावे लागते. म्हणून पाणी नोव्हेंबरातच तोडायला हवे. शेजारच्या वावरातल्या गव्हाचे किंवा हरभऱ्याचे पाणी पाझरत नाही ना, तेही पाहा. पुष्कळदा चोर तोच असतो. मधे अर्धा मीटर खोल चर काढा. पाने मलूल होऊन पाव हिस्सा गळाली की ताण तोडायचा. पहिले पाणी हलके, दुसरे चार-पाच दिवसांनी भरपूर. एकदम आळे तुडुंब भरले तर फुलाऐवजी पालवी जोर करते.

ताणात अवकाळी पाऊस आलाच, तर वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडची (५० टक्के) फवारणी २ मिलि प्रति लिटर पाण्यात करतात. पण झाडाची तब्येत पाहून आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच. अशक्त, डिंक्या झालेल्या झाडांना ताणच देऊ नका.

प्रश्न : थंड करायची कटकट नको, तरी परदेशी वाटेल असे फेब्रुवारीच्या आत फुलणारे काही सांगा.
— एक वाचिका, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : पेपरव्हाइट जातीचा नर्गिस. त्याला थंडीची अट नाही. नोव्हेंबरच्या शेवटी पसरट भांड्यात चार-पाच सेंटिमीटर खडे घाला, त्यात कंद एकमेकांना टेकून बसवा आणि पाणी फक्त बुडाला लागेल इतके ठेवा. कंद पाण्यात बुडाला तर सडतो. चार ते सहा आठवड्यांत पांढरे सुवासिक झुपके येतात. ऊन कमी पडले की दांडे लांबून लोळतात, म्हणून भांडे पूर्वेच्या खिडकीत ठेवा. कंद दिसायला थेट लसणाच्या मोठ्या गड्ड्यासारखा असतो आणि विषारी आहे, तेव्हा उरलेले कंद स्वयंपाकघरात कांद्या-लसणाच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिशवीवर नाव लिहून माळ्यावर टाका.